पाटीची शेवटची ओळ

नव्या खरेदीचं प्रदर्शन होतं. एका सार्वजनिक कलादालनाने अलीकडच्या काळात आपल्या संग्रहात घेतलेल्या समकालीन कलाकृती पहिल्यांदाच लोकांसमोर मांडल्या होत्या. मधल्या मोठ्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत कापडाच्या पट्ट्या सोडलेल्या. वापरून विरलेलं कापड, कुठे जाड दोऱ्याची शिवण, कुठे उसवलेल्या शिवणीची नुसती भोकं. मी त्यांच्यासमोर उभी राहून मान तिरकी करून पाहत होते. कलादालनात मान आपोआप तिरकी होते, त्याला इलाज नाही. शेजारी एक जोडपं आलं. बाईंनी कापडाकडे पाहिलं, गृहस्थांनी आधी पाटी वाचली, तीही खालून वर. मग कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या रखवालदाराला त्यांनी विचारलं, "हे केवढ्याला घेतलं हो?" रखवालदार म्हणाला, "ते पाटीवर नसतं." गृहस्थ म्हणाले, "नाहीये म्हणूनच विचारतोय." दोघंही थोडं हसले आणि ते जोडपं पुढच्या खोलीत गेलं. एवढंच झालं. पण त्यानंतर त्या कापडाकडे मला आधीसारखं पाहता येईना. माझ्याही डोक्यात केव्हापासून तेच घोळत होतं. फरक इतकाच, की मी ते विचारलं नसतं.

का विचारलं नसतं? गावंढळ दिसेल म्हणून. लिलावघरात किमतीखेरीज दुसरं काही बोलत नाहीत आणि त्याला कुणी गावंढळ म्हणत नाही. खासगी गॅलरीत टेबलामागे बसलेल्या मुलीकडे किमतींची यादी असते, मागितली की ती निमूट पुढे करते. सार्वजनिक कलादालनात मात्र, जिथे खर्च झालेला पैसा तुमचाआमचा असतो, तिथेच किंमत विचारणं असभ्य ठरतं. म्हणजे ज्याचा पैसा त्यानेच गप्प बसायचं, हा कुठला न्याय? तो गृहस्थ मालकाच्या हक्काने विचारत होता, आणि मी पाहुणीसारखी आवाज न करता वावरत होते. दुसरीकडे हेही खरं, की रखवालदाराने एखादा आकडा सांगितला असता तर त्या आकड्याने आम्हा दोघांना काय कळलं असतं? मोठा असता तर "बापरे", लहान असता तर "मग ठीक आहे". दोन्ही वेळी कापड पाहायचं राहूनच गेलं असतं.

पाटी खालून वर वाचण्याची त्या गृहस्थांची रीत मात्र मी उचलली. वरच्या ओळी सगळीकडे सारख्याच: कलावंताचं नाव, जन्मवर्ष, कामाचं शीर्षक, साल, माध्यम. कित्येकदा शीर्षकाच्या जागी 'शीर्षक नाही' असंच शीर्षक. त्याखाली एक परिच्छेद, ज्यात कलावंत कशाचा तरी 'शोध घेत' असतो. मग अगदी तळाशी, बारीक अक्षरात, खरी गंमत. ही वस्तू इथे कशी आली? खरेदी, की देणगी? कुणाच्या मृत्युपत्रान्वये? कलावंताने स्वतः दिली, की कलादालनाच्या मित्रमंडळाच्या निधीतून घेतली? आणि शेवटी एक नोंद क्रमांक. बहुतेक ठिकाणी त्याची पद्धत एकच असते: आधी वर्ष, मग टिंब, मग त्या वर्षात आलेली ती कितवी वस्तू तो आकडा. एकदा हा क्रमांक पडला की ती वस्तू बाजारातून उठली. आदल्या दिवसापर्यंत ती कुणाची तरी होती, विकता येत होती, दिवाणखान्यात लावता येत होती, कलावंताला वाटलं असतं तर मोडून पुन्हा करता येत होती. क्रमांकानंतर तिला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, आणि हा नियम ती जिने केली तिलाही लागू.

माझी एक मैत्रीण संग्रहालयाच्या नोंदणी विभागात काम करते. नव्या वस्तूंना क्रमांक घालणं हे तिच्या कामांपैकी एक. हा क्रमांक वस्तूवर असा लिहायचा असतो की तो सहज पुसला जाऊ नये, पण कधी काढायचा झाला तर वस्तूला इजा न होता निघावा. धातूवर किंवा लाकडावर आधी पारदर्शक लेपाचा इवलासा पट्टा ओढतात, तो वाळला की त्यावर शाईने आकडे लिहितात आणि वरून पुन्हा लेप देतात. कापडावर लिहीत नाहीत. पांढऱ्या सुती फितीवर आकडा लिहून ती फीत आतल्या बाजूला, एखाद्या कोपऱ्यात, मोजक्या टाक्यांनी टाचतात. सुई कापडाच्या धाग्यातून नाही, दोन धाग्यांच्या मधून जायला हवी. हे सगळं ती मला करून दाखवत होती तेव्हा मला राहून राहून वाटत होतं, की या वस्तूबद्दल इतक्या जवळून आणि इतक्या निर्विकार मनाने दुसरं कुणी कधी विचार करणार नाही. समीक्षक तर नाहीच.

नवी वस्तू येते तो दिवस बाहेरून वाटतो तसा समारंभाचा नसतो. लाकडी खोका येतो आणि तो तसाच ठेवून देतात. साधारण चोवीस तास कुणी त्याला हात लावत नाही. आतली हवा आणि खोलीतली हवा यांचं तापमान, दमटपणा हळूहळू जुळायला हवा, नाहीतर लाकूड तडकतं, रंग उचलतो. कापड, लोकर, पिसं, लाकूड असलं काही असेल तर त्यातून कसर किंवा वाळवी आत शिरू नये म्हणून ती वस्तू आधी वेगळी ठेवतात, पुष्कळदा प्लास्टिकमध्ये हवाबंद करून शून्याखाली वीस-तीस अंशांवर गोठवतातही. त्या लोंबत्या पट्ट्या कधीतरी असल्या शीतपेटीत आठवडाभर पडून असतील, असं आता मला वाटतं. मग खोका उघडला की स्थितीचा अहवाल. मैत्रिणीने दाखवलेला एक अहवाल माझ्या चांगलाच लक्षात आहे: चित्राची रेखाकृती, तिच्यावर लाल पेनाने केलेल्या खुणा, आणि बाजूला टिपणं. उजव्या कडेला ओरखडा. खाली डावीकडे रंगात अडकलेला कुंचल्याचा केस. मध्यावर बोटाचा ठसा, आणि त्यापुढे कंसात, 'मूळचा'. म्हणजे कलावंताचाच, म्हणून पुसायचा नाही. ओल्या रंगात कुणाचं तरी बोट चुकून टेकलं होतं, आणि त्या चुकीची आता सरकारदरबारी नोंद झाली होती. त्या कामाच्या पाटीवर लिहिलेला परिच्छेद मी केव्हाच विसरले. तो ठसा विसरले नाही.

आणि या सगळ्याच्याही आधी एक बैठक झालेली असते.

तिच्याबद्दल आपल्याला काहीच दिसत नाही. क्युरेटर, म्हणजे संग्रहासाठी कामं निवडणारा जाणकार, प्रस्ताव लिहितो: हे काम का घ्यावं, संग्रहात आधीच काय आहे, कशाची उणीव आहे, याच कलावंताचं हेच काम का, दुसरं का नाही. मालकी निर्विवाद आहे का, आधी कुणाकुणाच्या हातात होतं, हे तपासलं जातं. जतन विभागाचा माणूस विचारतो, हे टिकेल का आणि नाही टिकलं तर काय करायचं. भांडाराचा माणूस विचारतो, हे ठेवायचं कुठे. हा प्रश्न विनोदी वाटतो, पण मैत्रिणीच्या सांगण्यावरून तरी सगळ्यांत जास्त प्रस्ताव याच प्रश्नापाशी घाम गाळतात. मग समिती, आणि मोठी रक्कम असेल तर त्याहून वरचं विश्वस्त मंडळ. या खोलीत कोण बसलंय यालाही महत्त्व असतं. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने २००५ साली चित्रकार क्रिस ओफिली यांची तेरा चित्रांची मालिका घेतली तेव्हा ओफिली स्वतः टेटचे विश्वस्त होते. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने या व्यवहाराच्या पद्धतीवर चांगलेच ताशेरे ओढले. चित्रं वाईट होती असं कुणी म्हटलं नाही. ती आहेतच सुंदर. पण चित्र चांगलं असलं म्हणून ते घेण्याची रीतही चांगली ठरते असं नाही, आणि सार्वजनिक संग्रहाला या दोन्ही गोष्टींचा हिशेब वेगवेगळा द्यावा लागतो.

जिवंत माणसाची कला सरकारने विकत घ्यावी ही कल्पना तशी फार जुनी नाही. पॅरिसमध्ये १८१८ साली लक्झेंबर्ग राजवाड्यात खास हयात कलावंतांसाठी संग्रहालय उघडलं. कलावंत वारला, त्यानंतर दहा वर्षं गेली, आणि तरीही त्याचं नाव टिकून राहिलं तर त्याची चित्रं लूव्र या थोरल्या संग्रहालयात जायची शक्यता. म्हणजे लक्झेंबर्ग ही अमरत्वाची प्रतीक्षायादी. हे मला कुठेतरी प्रामाणिक वाटतं. आम्ही घेतलंय, पण आम्हाला अजून खात्री नाही, असं त्या व्यवस्थेतच म्हटलेलं होतं. गुस्ताव्ह कायबॉट हा चित्रकार १८९४ मध्ये वारला तेव्हा त्याने आपल्या मित्रांची, म्हणजे मोने, रन्वार, पिसारो, सिस्ली, देगा, सेझान, माने यांची साठाहून अधिक चित्रं सरकारला देऊन ठेवली होती. मृत्युपत्र त्याने १८७६ मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हाच केलं होतं, आणि त्यात बजावलं होतं की ही चित्रं माळ्यावर टाकायची नाहीत, कुठल्या आडगावच्या संग्रहालयात पाठवायची नाहीत, आधी लक्झेंबर्ग आणि मग लूव्र. लोकांना ही कला पचायला वीसेक वर्षं लागतील हेही त्याने त्यात लिहिलं होतं. सरकारपुढे पेच पडला. जागा अपुरी, नियम आडवे, कला अकादमीचा कडकडून विरोध. शेवटी चाळीसच्या आसपास चित्रं घेतली, बाकीची नाकारली, आणि १८९७ मध्ये ती लोकांना दाखवली. फुकट मिळत होती हो! एक पैसा द्यायचा नव्हता. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा 'शून्य' असं होतं, आणि तरीही गदारोळ झाला. म्हणून मला वाटतं, किंमत हे बऱ्याचदा निमित्त असतं. माणसाला खुपतं ते हे, की 'आपलं' म्हणून जे ठेवलं जाणार आहे ते आपल्याला विचारून ठेवलेलं नाही.

विटांचं प्रकरण तर पाठच झालेलं आहे लोकांना. शिल्पकार कार्ल आंद्रे यांच्या १२० विटा, दोन थरांत, जमिनीवर आयताकृती रचलेल्या. टेटने त्या १९७२ मध्ये घेतल्या. पुढे दोनेक वर्षांनी मांडल्याही, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. बोंब झाली ती १९७६ च्या फेब्रुवारीत, वर्तमानपत्रात टेटच्या नव्या खरेदीवर लेख आला तेव्हा. म्हणजे लोकांनी विटा पाहिल्या तेव्हा त्यांना राग आला नाही, खरेदीची यादी वाचली तेव्हा आला. यात लोकांना हसण्यासारखं काही नाही. यादी वाचणं हाही कलादालन पाहण्याचा एक प्रकार आहे, आणि कदाचित जास्त नागरिकाला शोभणारा. नंतर एकाने त्या विटांवर निळा रंग ओतला. विटा स्वच्छ केल्या, पुन्हा रचल्या. आज त्या तशाच आहेत आणि अजूनही त्यांच्यासमोर कुणीतरी कुणाच्या तरी कानात कुजबुजत असणार.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी. कॅनबेराला राष्ट्रीय कलादालनाची इमारतही उभी नव्हती तेव्हा, १९७३ मध्ये, अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचं 'ब्लू पोल्स' हे चित्र तेरा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतलं. संचालकांना दहा लाखांपर्यंतच्याच खरेदीचा अधिकार होता, त्यामुळे कागद पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे गेला. त्यांनी सही केली आणि किंमत जाहीर करायलाही सांगितलं. व्हायचा तो गहजब झाला. व्हिटलम यांनी त्या वर्षीच्या आपल्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर तेच चित्र छापलं. या माणसाचं मला कौतुक वाटतं. एक तर त्याने आकडा लपवला नाही, आणि वर टीकाकारांच्या घरी चित्रच पाठवून दिलं. कॅनडात १९९० मध्ये चित्रकार बार्नेट न्यूमन यांच्या 'व्हॉइस ऑफ फायर'च्या खरेदीवरून असंच रान पेटलं. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचं चित्र, तीन उभे पट्टे, मधला लाल आणि बाजूचे दोन निळे, किंमत अठरा लाख डॉलरच्या घरात. हे आम्हीही रंगवलं असतं, असं म्हणणारे तर होतेच, एकाने खरोखर रंगवूनही दाखवलं.

या गोष्टींचा शेवट लोक नेहमी एकाच प्रकारे करतात: "आणि आज पाहा, त्याच चित्राची किंमत कितीतरी पटींनी वाढलीय!" हा युक्तिवाद मला मुळीच आवडत नाही. कलादालन ते चित्र विकणार आहे का? नाही. मग वाढलेल्या किमतीचा उपयोग काय? विम्याचा हप्ता वाढतो, दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला पाठवणं अवघड होतं, आणि त्याच कलावंताचं दुसरं काम घेणं कायमचं आवाक्याबाहेर जातं. भाव वाढला म्हणून निर्णय बरोबर, असं म्हटलं की भाव पडला तेव्हा निर्णय चूक असंही म्हणावं लागेल. ज्या कलावंताचा पुढे भाव पडला, किंवा ज्याला कधी भाव आलाच नाही, त्याचं काम संग्रहात असणं हीच तर सार्वजनिक कलादालनाची खरी कमाई. बाजार जे विसरतो ते जपून ठेवणारी जागा हवीच कुठेतरी. त्या गृहस्थांना मी हे सांगायला हवं होतं असं एकदा वाटलं, पण त्यांना ते पटलं असतं असं नाही. आणि खरं सांगायचं तर कधीकधी मलाही पटत नाही. पट्ट्यांच्या पलीकडच्या खोलीत एक काम होतं, अर्धवट जळालेल्या खुर्च्यांचा ढीग. त्याच्यासमोर उभं राहून मी अगदी मनापासून म्हटलं, हे कशाला घेतलं?

नव्या खरेदीच्या प्रदर्शनाची हीच तर मजा आहे. एरवी प्रदर्शनाला काहीतरी सूत्र असतं, एक कलावंत, एक काळ, एखादा विषय. इथे सूत्र एकच: ही सगळी कामं एकाच सुमारास पास झाली. त्यामुळे ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही अशी कामं शेजारी येतात, बदलीच्या गावी एकाच वाड्यात येऊन पडलेल्या बिऱ्हाडांसारखी. एका भिंतीवर पेन्सिलीने काढलेल्या इतक्या पुसट रेघा की दिवे मंद ठेवलेले. कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड शक्यतो देत नाहीत. आणि लगेच पलीकडे एक व्हिडिओ, ज्यात कुणीतरी दर मिनिटाला पत्र्यावर हातोडा मारतंय. रेघा पाहताना हातोडा ऐकू येतो. रेघांच्या कलावंताला हे कळलं तर त्याचं डोकं फिरेल. पण मला ते आवडलं. सजवून, तासून, इतिहासाच्या ओळीत नीट बसवून दिलेलं असं अजून काहीच नव्हतं. या कामांना अजून प्रतिष्ठा चिकटलेली नव्हती. सेझानसमोर उभं राहून 'कशाला घेतलं' असं म्हणायची माझी हिंमत नाही. इथे होती.

घेताना एकदा पैसा द्यावा लागतो, ठेवताना रोज. 'केवढ्याला घेतलं' याच्या जोडीला 'केवढ्याला पडणार' हाही प्रश्न हवा. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात कलावंत नाम जून पाइक यांनी १९८८ मध्ये १,००३ टीव्ही संचांचा एक मनोरा उभारला. अठरा मीटरहून उंच. जुन्या काचेच्या नळीचे संच ते. अशा नळ्या बनवणं जगाने बंद केलं, एकेक पडदा काळा पडत गेला, आणि २०१८ मध्ये मनोराच बंद करावा लागला. मग वाद सुरू. जुने सुटे भाग जगभरातून हुडकून आणायचे, की सपाट पडदे बसवून टाकायचे? सपाट बसवले तर काम तेच राहिलं का? शेवटी शक्य तेवढे जुने संच दुरुस्त केले, न होणाऱ्यांच्या जागी नवे पडदे बसवले, आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा चालू झाला, तोही मोजकेच तास. चित्र घेतलं की भिंत लागते. हे घेतलं तेव्हा जगातल्या एका अख्ख्या उद्योगाचं भवितव्यच संग्रहालयाने गळ्यात बांधून घेतलं होतं, आणि त्या वेळी ते कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

काही कामांना तर टिकायचंच नसतं. कलावंत झोई लिओनार्ड यांनी मित्राच्या मृत्यूनंतर केळी, संत्री, लिंबं खाऊन उरलेल्या साली दोऱ्याने, तारेने, चेनने आणि बटणांनी पुन्हा शिवल्या, अशी सुमारे तीनशे फळं. त्या जशाच्या तशा टिकवण्याची युक्ती एका जतनतज्ज्ञाने बराच काळ खपून शोधूनही काढली. काही सालींवर ती वापरून पाहिल्यावर लिओनार्ड यांनी ठरवलं, नको, कुजू देत. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने १९९८ मध्ये ते काम या अटीसकट घेतलं. ज्या संस्थेचा जन्मच वस्तू नष्ट होऊ नयेत म्हणून झाला, तिने एक वस्तू नष्ट होऊ द्यायचं कबूल केलं. याच्या उलट टोकाला कलावंत टिनो सेहगल. त्यांच्या कामात माणसं असतात, हालचाल असते, बोलणं असतं, वस्तू कुठलीच नाही. फोटो काढायचा नाही, कागदावर करार करायचा नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २००८ मध्ये त्यांचं एक काम घेतलं ते तोंडी बोलण्यांवर, कसं सादर करायचं ते ऐकून आणि लक्षात ठेवून. माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग नंबर कुठे टाचायचा?"

कोण घेतलं गेलं नाही, हे मात्र कुठल्याच पाटीवर येत नाही. गुरिल्ला गर्ल्स या स्त्री कलावंतांच्या गटाने १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाऊन नुसती मोजणी केली. आधुनिक कलेच्या दालनात स्त्री कलावंत पाच टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत स्त्रिया पंच्याऐंशी टक्के. पोस्टरवर त्यांनी विचारलं, संग्रहालयात शिरायला बायकांनी कपडे उतरवायलाच हवेत का? पुढे तीस वर्षांनी बॉल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने जाहीर केलं की २०२० या वर्षात आम्ही फक्त स्त्रियांचीच कामं विकत घेणार. तेव्हा त्यांच्या सुमारे ९५,००० वस्तूंपैकी स्त्रियांची कामं जेमतेम चार टक्के होती. एका वर्षाच्या खरेदीने त्या चारचे पाचसुद्धा होत नाहीत, आणि हे त्यांनाही कळत होतंच. काहींनी याला दिखावा म्हटलं. असेलही. पण चार टक्के हा आकडा त्यामुळे छापून आला. आधी तो नुसता होता, कुणी बोलत नव्हतं.

त्या दिवशी मी पुन्हा सगळ्या खोल्या फिरले, या वेळी नुसत्या तळाच्या ओळी वाचत. खरेदी होती त्याच्या जवळजवळ दुप्पट देणग्या निघाल्या. म्हणजे 'नवी खरेदी' असं आपण सरसकट म्हणतो त्यातलं बरंचसं कुणीतरी दिलेलं. दिलेलं म्हणजे निवडलेलं नाही का? नकार देता आला असता, त्या अर्थी निवडलेलंच. पण संग्राहकाने एखाद्या तरुण कलावंताची दहा कामं विकत घ्यावीत, त्यांतली दोन कलादालनाला द्यावीत आणि उरलेल्या आठांचं वजन आपोआप वाढावं, हे काही अगदी निरागस दानही म्हणता येत नाही. काही देणग्यांच्या ओळीत 'नाव न सांगण्याच्या अटीवर' असं होतं. तिथे मी जरा जास्तच रेंगाळले. जळक्या खुर्च्यांखालीही 'देणगी' असंच लिहिलेलं होतं, आणि माझा राग निम्मा उतरला. बाकी निम्मा का उतरला नाही, कोण जाणे.

यातलं पुष्कळसं आपण पुन्हा पाहणार नाही, हेही आहेच. मोठ्या संग्रहालयांत कुठल्याही वेळी भिंतीवर असतो तो संग्रहाचा लहानसा वाटा, बाकीचं भांडारात. पहिलं दर्शन हेच कदाचित दीर्घ काळासाठी शेवटचं. रॉटरडॅमच्या बॉइमन्स संग्रहालयाने २०२१ मध्ये यावर एक उपाय काढला. अख्खं भांडारच लोकांसाठी खुलं करणारी इमारत उघडली, बाहेरून आरशाची, आत दीड लाखाहून अधिक वस्तू. विषयवार मांडणी नाही, ज्याला जी हवा सोसते त्याप्रमाणे रचना: धातू एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, कागद एकीकडे. मला जायचंय तिथे कधीतरी. कलेच्या इतिहासापेक्षा दमटपणाच्या तक्त्यावर लावलेली कला कशी दिसते ते पाहायचंय.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मैत्रिणीला म्हटलं, "किंमत लिहू नका हवं तर. पण पाटीवर दोन ओळी लिहा की हे घेताना बैठकीत काय वाद झाला. कोण नको म्हणालं, का म्हणालं." ती म्हणाली, "मग बैठकीत कुणी तोंडच उघडणार नाही." तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, "बरं, दहा वर्षांनी लिहा. नावं गाळून." ती म्हणाली, "दहा वर्षांनी ते काम भांडारात असेल. पाटी लावणार कुठे?"

"भांडाराच्या दारावर लावा."

"तिथे दमटपणा मोजायचं यंत्र आहे," ती म्हणाली. "जागा नाही."